माझ्या कॉलेजची कुऱ्हाड

आमच्या घरात कुऱ्हाड आली ती माझ्या कॉलेजसाठी. लाकडं फोडायला नव्हे. आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता आणि बंबाला लागणाऱ्या ढलप्या वखारवाला फोडूनच द्यायचा. ती कुऱ्हाड अजून माझ्याकडे आहे. दर खंडेनवमीला मी ती माळ्यावरून काढते, घासते, हळदकुंकू लावून पूजेत ठेवते. सून विचारते, फ्लॅटमध्ये कुऱ्हाड कशाला? मी म्हणते, असू दे. आता सगळं सांगूनच टाकते.

साठच्या दशकाचा शेवट होता. आम्ही बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या अंगाला, एका नव्या चाळीत राहत होतो. नवी म्हणजे भिंती नव्या, बाकी वीज कधी असायची कधी नसायची आणि रस्ता तर नव्हताच. बाबा फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. फीचा प्रश्न मी माझा मीच सोडवला होता. सरकारी दूध केंद्रावर मला पहाटेची नोकरी लागली होती. तेव्हा ही केंद्रं कॉलेजच्या मुलीच चालवायच्या. लोकांची कार्डं बघायची, रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, भरलेल्या द्यायच्या. सहाला खिडकी उघडायची आणि साडेसातला बंद करून तशीच कॉलेजला पळायचं. ती नोकरी गेली की कॉलेज गेलं, इतका साधा हिशेब होता, आणि कॉलेज गेलं की पुढचं काय ते आईने आधीच ठरवलेलं होतं. एक स्थळ कुडाळचं होतं आणि एक परळचं.

घरापासून केंद्रापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची वाट. आधी गवताची कुरणं, मग ओढा, ओढ्यावर दगडी मोरी, म्हणजे कठड्याचा छोटा पूल, मग म्हशींचे गोठे आणि मग बाजाराचे दिवे. जंगलातला बिबट्या अधूनमधून चाळीतला कुत्रा न्यायचा. बिबट्याला मी फारशी भीत नव्हते. तो कुत्र्यांसाठी येतो हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

श्रावणात मात्र एक गोष्ट घडली. केंद्रावर माझ्यासोबत काम करणारी मुलगी त्याच वाटेने यायची, माझ्याआधी दहा मिनिटं. त्या दिवशी मोरीपाशी एका माणसाने तिची पिशवी ओढली, पिशवी सुटल्यावर तिचा हात ओढला. ती किंचाळली, गोठ्यातले भय्ये धावले आणि तो माणूस गवतात पळाला. मी पोचले तेव्हा ती मोरीवर बसून नुसती थरथरत होती. तिने नोकरी सोडली. आठ दिवसांत कॉलेजही सोडलं. तिच्या घरच्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

बाबांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून बंद."

"काय बंद?"

"दूध."

मी भांडले. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. मी म्हटलं, "त्या माणसाला कोणी बंद करत नाही, मलाच का? मला एकटीला जाता येतं." हे शेवटचं वाक्य मी बहुधा चारपाच वेळा म्हटलं असेन. बाबा आवाज चढवणारे नव्हतेच. झुरळ दिसलं तर आईला हाक मारायचे.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले ते एक फूलस्केप कागद घेऊन. कागदावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे काठी, चाकू, कोयता, कुऱ्हाड, तिखटाची पूड. उजवीकडे प्रत्येकाचे गुण-दोष. बाबांनी माझी अब्रू आणि माझं शिक्षण दोन्हींची मिळून एक फाईल उघडली होती. अट अशी की हातात काहीतरी धड असेल तरच मी जायचं, नाहीतर कुडाळ किंवा परळ. तोवर केंद्रावर आजारपणाची रजा टाकायची.

तिखटाची पूड आईने तिथल्या तिथे बाद केली. वारा उलटा असला तर आपलेच डोळे जायचे. काठी बाद केली मासेवालीने. ती गोराईहून खाडी ओलांडून यायची आणि आमच्या पायरीवर टोपली उतरवून सगळ्या चाळीची खबर घ्यायची. आईने तिला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. "काठीचा एक टोक तुझे हातान, दुसरा त्याचे हातान. मंग काय करशील गो बाय?" बाबांनी कागदावर काठीवर काट मारली. चाकूला माणूस अगदी जवळ यावा लागतो, म्हणून चाकूही गेला. उरले कोयता आणि कुऱ्हाड.

स्टेशनच्या पूर्वेला मोकळ्या मैदानाच्या कडेला घिसाड्यांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. हे फिरते लोहार. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून घण घालते. रविवारी बाबा मला घेऊन तिथे गेले. खिशात तो कागद होताच. घण घालणारी बाई माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठी असेल. जवळच झोळीत तिचं पोर झोपलं होतं आणि घणाच्या आवाजाने त्याची पापणीही हलत नव्हती.

बाबा घसा खाकरून म्हणाले, "जरा लाकडं फोडायला काहीतरी हवं होतं."

तिने बाबांच्या बोटांवरची शाई बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "कुनाला? तुमाला का पोरीला?"

"मला," मी म्हटलं.

"लाकडं किती पायाची? दोन?"

बाबा ओशाळले. मला मात्र एकदम बरं वाटलं. इतके दिवस घरात सगळे ज्या गोष्टीभोवती फिरत होते, ती हिने एका दमात बोलून टाकली होती.

कोयता तिने हातही न लावता बाजूला सारला. त्याचं वाकडं टोक पिशवीतून काढताना कापडात अडकणार. शिवाय पोलिसाने विचारलं तर कोयत्याचं काय सांगशील? कुऱ्हाड असली की सरपणाला निघाले म्हणता येतं. हा मुद्दा बाबांच्या कागदावर नव्हता. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतला.

मग तिने माझ्या हातात एक मोठी कुऱ्हाड दिली. "हात लांब करून धर. थरथरला की ठेव खाली." माझा हात लगेच थरथरला. दुसरी दिली, तीही जरा वेळाने खाली आली. तिसरी लहान होती, पातं माझ्या पंजापेक्षाही थोडं लहान. ती धरून मी उभी राहिले. झोळीतलं पोर जागं झालं, तिने त्याला झोका दिला, नवऱ्याशी काहीतरी बोलली, आणि तरी माझा हात स्थिर होता. "हीच तुझी," ती म्हणाली.

पण दांडा तिला पसंत पडेना. तिने तो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि टाकून दिला. लाकडाची रेषा लांबीने सरळ गेलेली हवी, आडवी गेली की ऐन वेळी दांडा मोडतो. बाभळीचा दुसरा दांडा काढला, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापला आणि तेवढाच कापला, म्हणजे पिशवीत उभी ठेवली की मूठ छत्रीसारखी वर दिसेल. पातं बसवलं, वरून पाचर ठोकली आणि लाकूड फुगून घट्ट बसावं म्हणून सगळं पाण्याच्या बादलीत बुडवलं.

"हिची गॅरंटी?" बाबांनी विचारलं.

ती दोघं नवराबायको इतकी हसली की बाबाही हसायला लागले.

निघताना तिने मला बाजूला घेतलं. बोलली ते अजून शब्दाला शब्द आठवतं. "डोक्यावर मारू नको, फेटा असतो, टोपी असते. कानाखाली, मानंवर. आन् येक ध्यानात ठेव. उचलल्याला हात मधी थांबवायचा नाय. बाईचा हात मधीच थांबतो, म्हनून तिलाच लागतं."

सराव चाळीच्या मागे. घड उतरवलेली एक केळ तिथे उभी होती, नाहीतरी ती तोडायचीच होती. नेम कुठे धरायचा? बाबा स्वतः केळीला पाठ लावून उभे राहिले, खडू घेतला आणि आपल्या मानेच्या उंचीवर, कॉलरच्या जरा वर, केळीवर एक रेघ मारली. "साधारण माणूस एवढाच असतो," ते म्हणाले. मग लांब जाऊन उभे राहिले आणि मी सुरू केलं. पहिल्या दिवशी फटके कुठेही लागायचे. खांदा दुखून यायचा. आई खिडकीतून बघून कपाळाला हात लावायची. आठव्या की नवव्या दिवशी कुऱ्हाड बरोब्बर खडूच्या रेघेवर बसली आणि मी हात थांबवला नाही. केळ वरून कलली, फाटल्यासारखा आवाज झाला आणि पानांसकट धाडकन खाली आली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी खूश झाले की कुऱ्हाड हातात घेऊन चाळीला एक फेरी मारून आले. आता कुडाळही नाही आणि परळही नाही.

त्यानंतर महिना-सव्वा महिना मी कुऱ्हाड घेऊन गेले. पहाटे मी निघायचे तेव्हा बाबा खाटेवर चादर डोक्यावरून घेऊन घोरत असायचे. मला थोडं वाईटही वाटायचं, की एवढी काळजी करत होते आणि आता खुशाल झोपतात. पण वाट सोपी झाली होती. मोरीपाशी आलं की मी मुठीवर हात ठेवायचे, आणि गोठ्यांशी आलं की काढायचे. गवतातून कोणी आलं नाही. केंद्रावर कुऱ्हाड बाटल्यांच्या क्रेटमागे ठेवायची, कॉलेजात पिशवीसकट बाकाखाली. कोणी विचारलं तर मी सरपणाचं सांगायचे. मैत्रिणींना वाटायचं आमच्या घरी फारच सरपण लागतं.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं घासूनपुसून पूजेला लावायची, ही आमची मालवणकडची रीत आईने बोरिवलीतही जशीच्या तशी आणली होती. विळी, कात्री, शिलाई मशीन, बाबांचं फौंटन पेन, माझी पुस्तकं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच ती कुऱ्हाड. आईने तिला चिंचेने घासलं, पात्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, दांड्याला झेंडूची माळ गुंडाळली. घर तर तिने त्या दोन दिवसांत असं धुतलं होतं की विचारायची सोय नाही. चादरी, पडदे, बाबांचे कॅनव्हासचे बूटसुद्धा.

रात्री जेवताना मी म्हटलं, "सकाळी कुऱ्हाड काढून ठेव हं."

"नाय," आई म्हणाली. "नवमीक बसवलेला हत्यार दसऱ्याची पूजा होईसर हलवूचा नाय. त्याका इसावो दिलेलो आसा."

"आणि मी? दसऱ्याला दूध केंद्र बंद नसतं. उलट जास्त दूध असतं."

"सणाच्या दिवशी कोण येता?"

"का? मोरीवर देवी येऊन बसणार आहे का?"

"बसतली," आई म्हणाली आणि विषय संपला. बाबा खाली मान घालून जेवत होते. त्यांनी आईला एक शब्दही विरोध केला नाही याचा मला राग आला. दीड-दोन महिन्यांपूर्वी फूलस्केप कागद भरणारा हाच का तो माणूस, असं मनात आलं.

दसऱ्याच्या पहाटे मी निघाले. पिशवीत कुऱ्हाडीच्या जागी आईने केंद्रावरच्या मुलींसाठी नारळाच्या वड्यांचा पितळी डबा दिला होता. बाबा चादरीखाली नेहमीसारखे घोरत होते. गवत ओलं होतं, आणि पूर्वेला डोंगराच्या कडा नुकत्या दिसायला लागल्या होत्या.

ओढ्याच्या अलीकडे मला मागे चपलांचा आवाज आला. फट फट, फट फट. मी थांबले, आवाज थांबला. मी चालायला लागले, तोही चालायला लागला. मोरीवर येईपर्यंत तो जवळ आला होता, दहा-बारा पावलांवर. माझे कान गरम झाले. आठवली ती एकच गोष्ट, मोरीवर बसून थरथरणारी ती मुलगी. मग फट फट एकदम भरभर झालं. मी गर्रकन वळले. मफलर गुंडाळलेला एक माणूस माझ्या अगदी जवळ होता. माझा हात पिशवीत मुठीकडे गेला. मूठ नव्हती. मग हातात आली ती पिशवीच, आणि मी ती बंदांना धरून फिरवली. सगळ्या अंगाचा जोर लावून. हात मध्ये थांबवला नाही.

धप्पकन आवाज झाला. डब्याचं झाकण उडालं.

"अगं आई गं! मी आहे गं, मी!"

बाबा होते. खांदा धरून वाकले होते, चष्मा एका कानावर लोंबकळत होता आणि मफलरवर नारळाची वडी चिकटली होती.

मी मोरीच्या कठड्यावर बसले. तेही शेजारी बसले, चष्मा नीट केला, खांदा चोळला, आणि त्यांचा चेहरा बघते तर काय, एकदम खुललेला. "लागलं की गं चांगलंच!" ते म्हणाले. "काय हात फिरवलास! अगदी न थांबवता!"

"तुम्ही इथे काय करताय?" मी ओरडले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते रोज येत होते. मी कुऱ्हाड घेऊन निघाले त्या पहिल्या दिवसापासून रोज. मी दार लोटलं की चादर टाकायची, बूट चढवायचे आणि लांबून माझ्यामागे बाजाराच्या दिव्यांपर्यंत यायचं. मग परत फिरून आंघोळ, डबा, कचेरी. ते घोरणं म्हणजे निव्वळ नाटक. कॅनव्हासच्या बुटांचा आवाज व्हायचा नाही आणि अंतरही भरपूर असायचं, म्हणून मला कधी कळलं नाही. आईने धुतलेले बूट आज वाळले नव्हते, म्हणून पायात चपला. आणि आज मी रिकाम्या हाताने निघाले, म्हणून त्यांना लांब राहवेना. मोरीपाशी तर ते धावतच पुढे आले होते.

"मला सांगायचं ना," मी म्हटलं.

"तू म्हणाली होतीस, मला एकटीला जाता येतं." ते मफलरवरची वडी काढत होते. "येतंच की तुला. मी नुसता मागे होतो."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे मला ते दिसलं. मफलर सैल झाला होता. कॉलरच्या जरा वर, कानाखाली, बाबांची मान. खडूच्या रेघेची उंची त्यांनी स्वतः केळीला पाठ लावून दिली होती. माझा हात त्याच उंचीला फिरला होता, रोजच्या सवयीने. पिशवी बंदांवर लोंबत होती म्हणून डबा वीतभर खाली, खांद्यावर बसला. बाभळीचा दांडा लोंबत नाही. पिशवीत मूठ असती तर ती माझ्या हातात आली असती, आणि मी थांबले नसते. थांबायचं नाही हेच तर मी शिकले होते.

मी मोठ्याने रडायला लागले. बाबांना वाटलं घाबरले आहे म्हणून. ते माझ्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि "अगं, काही झालं नाही, काही नाही झालं" म्हणत राहिले. खरंच काही झालं नव्हतं. ते माझ्या शेजारी बसले होते, बोलत होते, खांदा दुखतो म्हणून मधूनच कण्हत होते. मला रडताना हसू यायला लागलं. आई आठवली, कुऱ्हाडीला झेंडूची माळ गुंडाळणारी. मी तिच्यावर रागावून झोपले होते. त्या मोरीवर बसून मी तिला मनातल्या मनात किती हात जोडले ते सांगता येणार नाही.

बाबांनी गवतावरच्या वड्या गोळा केल्या, एक फुंकून तोंडात टाकली, एक मला दिली. उजाडत होतं. नोकरी लागल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच मला उशीर झाला. केंद्रापुढे रांग चिडलेली. एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "दसऱ्याला तरी वेळेवर या ना!" बाबा मफलर कमरेला बांधून आत आले आणि एका हाताने रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये लावायला लागले. दुसरा हात वर होत नव्हता.

घरी आलो तर आईने दार उघडलं, आधी बाबांच्या चपलांकडे बघितलं, मग खांद्याकडे. तिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. "बूट खिडकीत सुकत आसत ते," एवढंच म्हणाली आणि हळद गरम करायला गेली.

ठरलं ते वाटेतच. मी म्हटलं होतं, "उद्यापासून या. पण माझ्या शेजारून या." बाबा म्हणाले, "आणि कुऱ्हाड?" मी म्हटलं, "ती घरी राहील." दोन वर्षं आम्ही तसेच गेलो. ते मला कचेरीतल्या गमती सांगायचे आणि मी त्यांना इंग्रजीच्या कविता म्हणून दाखवायचे. नोकरी टिकली, कॉलेज पुरं झालं. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही.

पण त्या दसऱ्याच्या दुपारची पूजा सांगायची राहिली. आईने मला तिची हिरवी साडी नेसायला दिली. मी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, पुस्तकांवर फूल वाहिलं. कुऱ्हाडीपाशी आले तेव्हा हात जरा थबकला, पण वाहिलं. आई म्हणाली, "झाली पूजा. आता उचल तुझा हत्यार." मी म्हटलं, "राहू दे तिथेच."

मग बाबांना नमस्कार केला. उठताना बघितलं, त्यांनी नुकतीच दाढी करून आंघोळ केली होती. दुखऱ्या हाताने नीट जमलं नसावं. कॉलरच्या वर, कानाखाली, साबणाची एक पांढरी रेघ राहून गेली होती. मी पदराचं टोक घेतलं आणि ती पुसली.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "साबण."